एका दमात तीस

त्या खाणीवर झोपलेल्या माणसांचे श्वास मोजणारी एक बाई होती. पगार तिला चादरी धुण्याचा मिळायचा; श्वास मोजायला तिला कुणीही सांगितलं नव्हतं. मी तिथे अकरा वर्षं पाण्याचा टँकर चालवला. नको ते काम अंगावर ओढून घेणाऱ्या माणसांचा मला एरवी राग येतो, कारण त्यांच्यामुळे बाकीचे कामचुकार दिसतात. तिचाही यायचा. पण जे झालं त्यात माझाही हात होता, आणि ते नीट सांगेल असं दुसरं कुणी मला दिसत नाही, म्हणून मी सांगतो.

खाण साडेचार हजार मीटरवर होती. झाड नाही, पक्षी नाही. बटाटा दोन तास उकळला तरी मधे कच्चाच राहायचा, आणि दोन जिने चढलेला माणूस तिसऱ्याच्या तोंडाशी बसकण मारायचा. शिवाय खोकला. तिथे सगळेच खोकायचे, कोरडा, खरखरीत, पोटाच्या शिरा ताणणारा खोकला. हवा विरळ आणि थंडगार. माणूस तोंडाने धापा टाकतो आणि घसा सोलवटून निघतो. दर बुधवारी खालून येणारा डॉक्टर म्हणायचा की नुसता घसा नव्हे, उंचीवर खोकल्याची नसच हळवी होते, एरवी जाणवणारही नाही अशा गोष्टीने ढास लागते. पण नेमकं का, ते आम्हा डॉक्टरांनाही पुरतं कळलेलं नाही. निदान कबूल तरी करायचा. जेवणघरात एकाला ढास लागली की वीस जणांना लागायची. नवीन माणूस पहिल्यांदा खोकला की जुने लोक ताटं बडवून ओरडायचे, "आला! आपल्यात आला!" त्या दिवसापासून तो खाणीचा माणूस.

बाई आली तेव्हा चाळिशीच्या आसपास होती. अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ. रात्रपाळीचे लोक दिवसा झोपायचे. पत्र्याची लांबलचक खोली, दोन रांगांत चोवीस पलंग, खिडक्यांना जाड काळे पडदे. पहिल्याच आठवड्यात ती भर दुपारी उशांचे अभ्रे बदलायला आत गेली आणि एका ड्रिलवाल्याच्या पलंगाशी थबकली. त्याचे श्वास मोठे मोठे होत गेले, मग लहान लहान होत गेले, आणि बंद. छाती हलेना. बाईने गळा काढला, "मेला हो! मेला! उठा सगळे!" चोवीस माणसं ताडकन उठून बसली. त्यात ड्रिलवालाही होता.

"कोण मेलं?" त्याने डोळे चोळत विचारलं.

"तुम्ही," बाई म्हणाली.

पुढे महिनाभर जेवणाच्या रांगेत त्याला "मयताला आधी वाढा" म्हणून पुढे सोडत.

त्या बुधवारी डॉक्टरने तिला समजावलं. वर आलं की शरीर जोरजोरात श्वास घेतं. जागेपणी ते जमवून घेतं, झोपेत मेंदूची गफलत होते. भराभर श्वास घेऊन झाले की त्याला वाटतं पुष्कळ झालं, आणि तो थांबतो. मग हवा कमी पडली की घाबरून पुन्हा भराभर. पुन्हा थांबतो. "इथे सगळे असेच झोपतात," डॉक्टर म्हणाला, "तुम्हीसुद्धा."

"म्हणजे मी रोज मरते आणि मला कुणी सांगत नाही," ती नंतर माझ्याकडे कुरकुरली.

पण तेव्हापासून तिचं मोजणं सुरू झालं. चादरींची गाठोडी काखेत मारून ती दोन रांगांमधून चप्पल न वाजवता फिरायची. श्वास थांबला की मनात आकडे. दहा-बाराची तिला काळजी नसायची. पंधराला ती पलंगाजवळ सरकायची. विसाला पायाचा अंगठा दाबायची. माणूस हुं करून कूस बदलायचा आणि श्वास चालू. आठ वर्षांत तिने दोघांना हट्टाने खाली पाठवायला लावलं, आणि दोघांच्याही बाबतीत डॉक्टरने मागाहून मान डोलावली. लोक तिला मावशी म्हणायला लागले. तिची थट्टाही करायचे, पण ती सुट्टीवर गेली की त्यांना झोप लागायची नाही, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

आता तीसची भानगड सांगतो. पाळीवर जायच्या आधी फाटकाशी कंपाउंडर खुर्ची टाकून बसायचा. डॉक्टर आठवड्यातून एकदा, बाकीचे सहा दिवस आमचा जीव या माणसाच्या हातात. त्याच्यासमोर उभं राहून प्रत्येकाने मोठ्याने, एका दमात, एक ते तीस म्हणायचं. मधे खोकला आला किंवा दम तुटला तर दोन दिवस आराम. आरामानंतर पुन्हा तुटला तर खाली रवानगी, आणि नाव कायमचं कापलं. नियम वाईट नव्हता. ज्याला धड तीस म्हणता येत नाही त्याने डोंगराच्या पोटात जाऊ नये, एवढंच.

पण नाव कापलं जाऊ नये म्हणून माणूस काय करत नाही? धुलाईघराच्या मागे, बॉयलरच्या उबेला, बाई नव्या लोकांना तीस म्हणायला शिकवायची. "वीस मोठे श्वास घे, भराभर. डोकं हलकं झालं की थांब. आता हे गरम मिठाचं पाणी, गुळण्या करून थोडं गीळ. आता गोळी चघळ." गोळी घसा बधिर करायची. त्या गोळ्या खालच्या दुकानातून मी आणायचो, माझ्या केबिनच्या खणात पाकिटंच्या पाकिटं असायची. दहा मिनिटं खोकला येत नसे, दम लांबत असे, आणि कंपाउंडरसमोर तीस काय पस्तीस म्हणून माणूस दिमाखात फाटकातून आत जात असे.

मी एकदा तिला टोकलं होतं. "बाई, इकडे त्यांच्या झोपेवर डोळ्यांत तेल घालून पहारा करता, आणि इकडे परीक्षेत कॉपी करायला शिकवता."

"खाली गेला तर घर बसलं त्याचं," ती म्हणाली. "वर राहिला तर मी आहे ना लक्ष ठेवायला."

तिचा स्वतःच्या कानांवर तेवढा भरवसा होता. माझाही होता.

मग तिचा भाऊ आला.

तिच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. हिनेच त्याला वाढवलं. हिचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं, कारण नवऱ्यामुलाला बायको हवी होती, कडेवरचा मेहुणा नको होता. ती हे हसून सांगायची. भाऊ वाढला तो दारात वाकून यावं लागेल इतका. व्हॉलीबॉल खेळायचा, बोलायला लागला की समोरच्याला ऐकूनच घ्यावं लागायचं. त्याचं एका मुलीशी जमलं होतं आणि तिच्या वडिलांना जावई पक्क्या नोकरीचा हवा होता. बाई वर्षभर नाही म्हणाली. शेवटी तिनेच मुकादमाकडे शब्द टाकला.

तो माझ्याच टँकरमधून वर आला. "काका, फुप्फुसं बघा माझी," छातीवर थाप मारून म्हणाला. "तुमचा डोंगर ओढून घेईन आत." मला तो आवडला. बढाईखोर माणसं मला आवडत नाहीत, पण तो आवडला.

तिसऱ्या दिवशी जेवणघरात त्याला पहिली ढास लागली. ताटं बडवली गेली. त्याने उभं राहून सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि त्यातच पुन्हा खोकला. बाई वाढपाच्या खिडकीतून बघत होती, तीही हसली. चौथ्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी तो बावीसवर तुटला. दोन दिवस आराम.

त्या दोन दिवसांत बाईने त्याच्या पलंगाशी स्टूल टाकलं. दुसऱ्या दुपारी मी टाकी भरत होतो तर ती धावत आली, इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

"टँकरवाले, एकदाही नाही हो! अर्धा तास बसले होते. तेवीस जणांचे थांबतायत, याचा एकदाही थांबला नाही. भराभर, भराभर, चालूच."

"नशीबवान आहे," मी म्हणालो.

"डोंगर मानवला त्याला," ती म्हणाली, आणि डोळे पुसत परत गेली.

आठ वर्षं जिने थांबलेल्या श्वासाचीच भीती बाळगली, तिला न थांबणाऱ्या श्वासात काय दिसणार? तिला चांगलंच दिसलं. मलाही दिसलं. तिथल्या कुणालाही तेच दिसलं असतं.

त्या संध्याकाळी बॉयलरमागे तिने त्याला तयार केलं. फाटकापर्यंत मी त्याला केबिनमध्ये घेतलं, कारण चालताना तो दर दहा पावलांवर थांबत होता. वाटेत खोकला. हा खोकला कोरडा नव्हता. आत काहीतरी हलत होतं. त्याने काच खाली करून बाहेर थुंकलं आणि म्हणाला, "कफ सुटतोय काका. म्हणजे बरं होतंय ना?" मी हो म्हणालो. मी काय डॉक्टर आहे? खणातून आणखी एक गोळी काढून दिली. कंपाउंडरसमोर त्याने तीस म्हटले. शेवटचे चार-पाच आकडे नुसते ओठांनी म्हटले, पण म्हटले. कंपाउंडरने वहीत खूण केली.

सकाळी तो पाळीवरून आला आणि बूट न काढताच आडवा झाला. अकरा वाजता मी टँकर घेऊन पोचलो तेव्हा बाई दारातच उभी होती. हातात अभ्रा.

"गुलाबी झालाय," ती म्हणाली. "फेस आहे. रक्त नाही, फेस आहे. आणि ओठ बघा त्याचे. चला. आत्ता चला."

आम्ही चौघांनी त्याला उचलून केबिनमध्ये बसवलं. आडवं केलं की तो बुडत असल्यासारखा हातपाय झाडायचा, म्हणून बाईच्या आणि माझ्या मधे बसवून पाठीशी उशा लावल्या. कंपाउंडरने ऑक्सिजनचं नळकांडं आणून दिलं आणि मागे सरला. खाली पोचायला तीन तास. नळकांडं किती वेळ पुरेल ते मी विचारलं नाही.

घाटरस्ता एकेरी होता. दुपारी एकपर्यंत वर येणाऱ्या गाड्यांचा, एकनंतर खाली जाणाऱ्यांचा. मधल्या नाक्यावर अडसर पडलेला. मी खाली उतरून नाकेवाल्याशी भांडलो, मग हात जोडले, मग त्याची गचांडी धरली. "अहो, सात ट्रक वर यायला निघालेत," तो म्हणाला. "कड्यावर समोरासमोर आलात तर कोण मागे जाणार? तुम्हीही दरीत, तेही दरीत." तो खरं बोलत होता, म्हणूनच मला त्याला मारावंसं वाटलं. वायरलेसवर त्याने सांगून पाहिलं. ट्रक वळणांत शिरले होते. चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत बाईने त्याचे बूट काढले. तळवे चोळले. नळकांड्याचा काटा खाली येत होता. भावाला एका वेळी एकच शब्द बोलता येत होता, मधे दोन-तीन श्वास.

"ताई... नाव... कापतील?"

"नाही रे राजा. कोण कापतंय."

"सांगू... नको..."

"नाही सांगत. तू गप्प बस. बोलू नकोस."

मी काचेतून रस्त्याकडे बघत होतो. एक ट्रक आला. दुसरा आला. मनातल्या मनात मी प्रत्येक ड्रायव्हरला शिव्या घातल्या, ज्यांच्याबरोबर मी रोज चहा प्यायचो. पाचवा ट्रक जात असताना माझ्या बाजूचा आवाज बंद झाला. मी वळलो. बाईचा हात त्याच्या छातीवर होता. तिचा चेहरा शांत होता.

"थांबलाय," ती म्हणाली. "येईल आता. पहिल्यांदाच थांबलाय ना, वेळ लागेल." आणि तिने मोजायला सुरुवात केली.

विसाला तिने अंगठा दाबला. चाळिसाला दोन्ही पाय चोळले. मी त्याला आडवा ओढून छाती दाबली, जशी सुरक्षेच्या वर्गात शिकवली होती तशी, तोंडाला तोंड लावलं, आणि माझ्या तोंडात तो फेस आला. मी दाबत राहिलो. नाकेवाला आला, त्याने दाबली. सातवा ट्रक गेला. अडसर उघडला. मी स्टिअरिंगवर बसलो आणि दोन तास गाडी हाणली. तिथे थांबलो असतो तर मला तिला सांगावं लागलं असतं. ती सगळा रस्ता आकडे म्हणत होती. हजार झाले की पुन्हा एकपासून.

खालच्या दवाखान्यात डॉक्टरने सांगितलं. तोच बुधवारचा डॉक्टर. फुप्फुसात पाणी भरलं होतं. काही जणांना उंचीवर भरतं, धडधाकट तरुणालाही. "आराम करतानाही भराभर श्वास चालला होता का?" त्याने विचारलं. "तीच खूण असते. हवा पुरत नसते."

बाई म्हणाली, "अर्धा तास ऐकला मी. मी खूष झाले."

डॉक्टरने चादर त्याच्या तोंडावर ओढली.

बारा दिवसांनी ती पहाटे टँकरच्या अड्ड्यावर आली. कुणालाही न सांगता, चपलांवर. "मला वर न्या," म्हणाली. "मला कबूल करायचंय." मी वाटेत तिला खूप समजावलं. गोळ्या माझ्याच होत्या, हेही म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा."

सकाळच्या पाळीची रांग फाटकाशी लागली होती. ती सरळ कंपाउंडरच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली.

"मी त्याला तीस म्हणायला शिकवलं," ती म्हणाली. "बॉयलरच्या मागे. आठ वर्षं शिकवतेय. लिहा तुमच्या वहीत. पोलिसांना बोलवायचं असेल तर बोलवा."

कंपाउंडरने पेन खाली ठेवलं. तो दुष्ट माणूस नव्हता, तसं म्हणणं सोपं पडलं असतं. थकलेला होता. "मावशी, मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "मुकादमाला माहीत आहे. वरच्या ऑफिसात माहीत आहे. खोकणारा प्रत्येक माणूस खाली पाठवला तर आत जायला कोण उरेल?"

"त्या दिवशी त्याचा खोकला तुम्हाला ऐकू आला होता?"

त्याने वही मिटली. "आला होता," म्हणाला.

मला वाटलं ती त्याच्या अंगावर धावून जाईल. मी पुढे झालो. पण तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि रांगेकडे गेली. पहिल्या माणसाला धरून उलटा फिरवला, त्याच्या पाठीवर, जाड कोटावर, कान टेकला. "श्वास घे." मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याचा दंड धरून तिने त्याला रांगेबाहेर ओढलं. "तू नाही जायचं." लोक आधी हसले. मग सातवा माणूस बाहेर ओढला गेला तेव्हा हसणं थांबलं. "मावशी, सोडा, नाव कापलं जाईल," कुणी विनवलं. कुणी शिवी दिली. एकाने तिला ढकललं, ती पडली, उठली आणि पुढच्याच्या पाठीला कान लावला. शेवटी पहारेकऱ्यांनी तिला दोन्ही दंडांना धरून उचललं. तिने पाय झाडले नाहीत. "या सातांना खाली न्या," एवढंच ओरडत होती, "तुमच्या पाया पडते, न्या."

तिचं नाव त्याच दिवशी कापलं. टाकी रिकामी झाली तशी तिला माझ्याच केबिनमध्ये बसवून दिलं. त्या सातांपैकी सहा जण तोवर पुन्हा रांगेत उभे राहिले होते. मी डोळ्यांनी पाहिलं, एकजण मूठभर बर्फ चोखत होता, गोळी नव्हती म्हणून.

सातव्याला मी गचांडी धरून गाडीत कोंबला. तेवढं माझ्याच्याने झालं. विशीतला होता, महिन्यापूर्वी लागलेला. घाट सुरू झाल्यापासून तो तिला शिव्या देत होता. माझी नोकरी खाल्लीस, माझ्या पोरीच्या तोंडचं काढलंस, स्वतःचा भाऊ मारलास आणि आता आमच्या मुळावर उठलीस. एकसारखा, न थांबता, वळणामागून वळण. माझा संयम सुटला. मी ब्रेक दाबला आणि त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला.

बाईने माझं मनगट धरलं.

"देऊ द्या त्याला," ती म्हणाली. "शिव्या द्यायला पुरतोय त्याचा श्वास. तुम्ही गाडी चालवा."